चौदा काठ्या आणि पाच माणसं

बडोद्याच्या मराठी घरांत क्रिकेटची किट असते, माळ्यावर कॅरम असतो, पण गोल्फची बॅग असणारी घरं अजून मोजकीच. तरी लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातल्या कोर्सवर रविवारी सकाळी आपली तिशीतली मंडळी दिसायला लागली आहेत. दिवाळीच्या सुट्टीचे बेत जुळायला लागले, की यांच्यातला एक तरी विचारतो, "मॉरिशसला (किंवा फुकेतला, किंवा बालीला) चाललोय. सेट नेऊ का?"

तो विचारत असतो वजनाबद्दल. घरात मात्र प्रश्न वेगळा असतो. आमच्या आईनं तो एका वाक्यात विचारला होता: "पाच माणसं एवढ्या लांब जाणार, आणि तू काठ्या नाचवायला?"

आधी वजनाचं बघू, ते सोपं आहे. नियमाप्रमाणे खेळताना जास्तीत जास्त १४ क्लब बाळगता येतात. पूर्ण सेट, बॅग, डझनभर चेंडू, बूट आणि वरचं प्रवासी कव्हर मिळून १३ ते १६ किलो होतात. म्हणजे २३ किलोच्या मर्यादेत बसतात. घोळ होतो तो लांबीचा. चेक-इन बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर ही बऱ्याच विमान कंपन्यांची मर्यादा असते. एकटा ड्रायव्हरच ११५ सेंटिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे पॅक केलेली गोल्फ बॅग या हिशेबात बसतच नाही. काही कंपन्या गोल्फ बॅगेला ही अट लावत नाहीत आणि ती तुमच्या नेहमीच्या सामानात धरतात. काही कंपन्या क्रीडासाहित्य म्हणून वेगळे पैसे घेतात आणि आधी कळवायला सांगतात. तिकीट काढायच्या आधी त्या कंपनीचं 'स्पोर्ट्स इक्विपमेंट' हे पान वाचा. केबिनमध्ये क्लब चालत नाहीत, पटरसुद्धा नाही. सुरक्षा तपासणीवाल्याच्या दृष्टीनं ती काठीच आहे, आणि खरं सांगायचं तर त्याचं बरोबर आहे.

बडोदेकरांसाठी यात आणखी एक पाचर आहे. आपल्याला परदेशी विमान मुंबईहून किंवा अहमदाबादहून पकडावं लागतं. बडोदा-मुंबई विमानाचं तिकीट वेगळं काढलं असेल, तर त्या टप्प्याला देशांतर्गत नियम लागतात, आणि तिथे बहुतेक ठिकाणी १५ किलोच मिळतात. पुढच्या विमानाचे ३० किलो तिथे दाखवून उपयोग नाही. आम्ही सरळ रेल्वेनं गेलो. बॅग आडवी बाकाखाली, तिच्यावर आईची दशम्या-चटणीची पिशवी, आणि शेजारचे काका वापीपर्यंत विचारत होते, "यात सतार आहे का?"

आता पॅकिंग, कारण नुकसान तिथेच होतं. बॅगेत क्लबांची डोकी वरच्या बाजूला असतात. बॅग उलटी आपटली की सगळा दणका त्या डोक्यांवर बसतो आणि ग्राफाइटची दांडी डोक्याच्या अगदी जवळ मोडते. यावर विकतचा उपाय आहे: ड्रायव्हरपेक्षा थोडी उंच अशी एक मजबूत दांडी बॅगेत मधोमध उभी करायची, म्हणजे मार ती खाते. मी फरशी पुसायच्या मॉपची जुनी दांडी मापानं कापून वापरतो, तिच्या टोकाला टेनिसचा चेंडू खोचून. बायकोनं मॉप कुठे गेला म्हणून दोन दिवस शोधला, ते असो. ड्रायव्हरचं डोकं पान्यानं निघणारं असेल तर काढून, मोज्यात घालून आपल्या सुटकेसमध्ये ठेवावं. पानाही चेक-इनमध्येच टाकावा. डोक्यांभोवती टॉवेल कोंबायचे. काही जण याच बॅगेत अख्ख्या घराचे कपडे भरतात. त्यांनी आधी नियम बघावा, कारण काही कंपन्या क्रीडासाहित्याच्या बॅगेत दुसरं काही चालवून घेत नाहीत.

अंतर मोजायचा रेंजफाइंडर हातातल्या बॅगेत ठेवा. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये चालतच नाहीत. बुटांच्या तळव्याची माती घरीच धुऊन काढा. परक्या मातीबाबत ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड फारच कडक आहेत आणि गोल्फचे बूट तिथे हमखास उलटे करून पाहतात. सेट महागाचा आणि नवाकोरा असेल तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. परतताना 'हा तिथून आणला का?' हा प्रश्न त्यानं मिटतो. आणि घरी बॅग भरतानाच आतल्या सामानाचे फोटो काढून ठेवा.

हे फोटो कधी उपयोगी पडतात? बॅग पट्ट्यावर आली नाही, किंवा आली आणि आत काही मोडलेलं निघालं तेव्हा. अशा वेळी विमानतळ सोडायच्या आधीच विमान कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यायची. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ पासून आहे. मोडतोडीची लेखी तक्रार सामान हातात आल्यापासून ७ दिवसांत करावी लागते, उशिरा मिळाल्याची २१ दिवसांत. कंपनीची जबाबदारी प्रवाशामागे १,५१९ एसडीआरपर्यंत, ही मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासूनची. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. रुपयांत ही रक्कम पावणेदोन ते दोन लाखांच्या दरम्यान जाते. पण ही वरची मर्यादा आहे. नुकसान किती झालं ते तुम्हालाच दाखवावं लागतं, म्हणून फोटो आणि जुनी बिलं.

एवढं सगळं वाचून वाटेल, की तिथे भाड्यानं सेट घेतलेला काय वाईट? एकच राउंड खेळणार असाल तर काहीच वाईट नाही, उलट शहाणपणाचं आहे. आठवडाभरात तीन-चार राउंड असतील तर आपला सेट बरा. मला स्वतःला आवडतो तो तिसरा मार्ग, आणि तो फारसा कोणी सुचवत नाही: अर्धा सेट. १४ ही कमाल मर्यादा आहे, किमान कुठलीच नाही. एक हायब्रिड, एक आड एक आयर्न, एक वेज आणि पटर, असे सात क्लब हलक्या बॅगेत घातले की सगळं मिळून सहा-सात किलो. ड्रायव्हर घरी राहिला की लांबीही कमी होते आणि मोडायची सगळ्यात मोठी भीतीही जाते. उष्ण, दमट हवेत चेंडू जरा लांबच जातो. (दमट हवा जड असते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते.) ग्रिप मात्र घामानं निसटते, म्हणून हातमोजे दोन-तीन जास्तीचे न्या आणि रोज खोलीवर आल्यावर क्लब पुसून ठेवा. समुद्राची हवा वेजला दोन दिवसांत गंज आणते.

राहिला आईचा प्रश्न. तो किलोत सुटत नाही. अठरा होलना चार-साडेचार तास लागतात, जाणं-येणं धरलं की अर्धा दिवस गेला. सात वर्षांची लेक आणि सत्तरीतले आईबाबा बरोबर असताना अर्धा दिवस कोणाच्या खात्यातून काढायचा? बहुतेक घरांत तो न विचारता बायकोच्या खात्यातून निघतो. गोल्फ खेळणाऱ्या आमच्या मित्रमंडळींचं याकडे सोयीस्कर दुर्लक्ष असतं. मॉरिशसचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस पहाटे आपोआप जाग येते, आणि नोव्हेंबरात साडेपाचच्या सुमारास उजाडलेलं असतं. पहिला टी-टाइम घेतला तर साडेदहाला परत. आमचा ठराव असा झाला, की दोन सकाळी माझ्या, दोन सकाळी बायकोच्या एकटीच्या (ती पोहायला जाणार आणि लेक माझ्याकडे), बाकीच्या सगळ्यांच्या. ठराव लेखी होता, फ्रीजवर चिकटवलेला.

पूर्वेकडच्या इल ओ सेर्फ बेटावरचा कोर्स बर्नहार्ड लँगरनं आखलेला आहे. तिथे होडीनं जावं लागतं. काळे ज्वालामुखीचे खडक, खारफुटी आणि चहूकडे पाणी, म्हणजे चेंडू गमावायला याहून सुंदर जागा मिळणार नाही. तिथे मी सात गमावले. दुसरी सकाळ दक्षिणेकडच्या बेल ओम्ब्रची. ही जुनी साखरेची इस्टेट. इथे आई-बाबाही क्लबहाउसवर चहाला आले होते.

आमचं मराठी ऐकून बॅगा उतरवणारा एक गृहस्थ थांबला. पन्नाशीचा असेल. मराठी थोडं, बाकी हिंदी आणि क्रिओल. म्हणाला, आम्हीही मराठी, घरी गणपती असतो. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, हे मी वाचलं होतं. तिथे मराठी भजनांची 'झाकरी' अजून होते, हे त्यानं सांगितलं. त्याची आजी उसात राबायची. १८३४ पासून हिंदुस्थानातून मजूर करारावर इथे ऊस तोडायला येत गेले, त्यांत मुंबई बंदरातून निघालेली कोकणातली माणसं होती. आईनं विचारलं, "मूळ गाव कुठलं तुमचं?" त्याला गाव माहीत नव्हतं. 'रत्नागिरी' एवढा एक शब्द घरात टिकला होता. आई त्याच्याशी पाऊण तास बोलत होती, गौरी कशा बसवता, नैवेद्याला काय करता. लेक गोल्फ कार्टमध्ये बसून ते ऐकत होती.

दुसऱ्या दिवशीची सकाळ ठरावाप्रमाणे सगळ्यांची होती. आईनं पोर्ट लुईला आप्रवासी घाट बघायचा म्हटलं, जिथे ते मजूर जहाजातून उतरायचे. दगडी पायऱ्या आहेत. आई त्या चढली, गुडघे दुखत असताना. लेकीनं विचारलं, "आजी, त्यांना किती किलो सामान आणायला परवानगी होती?"