वर्ध्याचा ‘प्रयोग’ खरोखर प्रयोग होता का?

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेले, ही कल्पना तेथे मांडली गेली. जानेवारी १९३८ मध्ये कलकत्त्यात पहिली भारतीय सांख्यिकी परिषद झाली आणि तिचे अध्यक्षपद रोनाल्ड फिशर यांनी भूषविले. पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारीत, हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने वर्धा योजनेचा स्वीकार केला.

एकाच हिवाळ्यातील या घटना इतिहासाच्या पुस्तकांत कधी शेजारी ठेवल्या जात नाहीत. त्या ठेवायला हव्यात, कारण ‘प्रयोग’ या शब्दाचे दोन अर्थ त्या हिवाळ्यात एकाच देशात वावरत होते आणि त्यांची परस्परांशी गाठ पडली नाही.

फिशर यांचा अर्थ शेतातून आला होता. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात त्यांच्यापुढे प्रश्न असे : या खताने पीक वाढले, की ती जमीन मुळातच कसदार होती? त्यांचे उत्तर साधे होते. शेताचे लहान तुकडे पाडावेत आणि कोणत्या तुकड्याला खत द्यायचे हे माणसाने ठरवू नये; ते चिठ्ठीने ठरावे. मग कसदार व निकस तुकडे दोन्ही बाजूंना सारखेच विखुरले जाण्याची शक्यता असते आणि उरलेला फरक खताच्या नावावर टाकता येतो. हिंदुस्थानात ही पद्धत चटकन रुजली. कापसावर काम करणारे वि. गो. पानसे आणि त्यांच्याबरोबर पां. वा. सुखात्मे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी १९५४ साली लिहिलेले कृषी सांख्यिकीचे पुस्तक शेतकी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले.

गंमत अशी की शाळेत चिठ्ठ्या टाकण्याची सूचना फिशर यांच्या ग्रंथांआधीची आहे. अमेरिकेत १८९७ साली जोसेफ राइस यांनी हजारो मुलांच्या शुद्धलेखनाच्या चाचण्या घेऊन दाखविले होते की रोज पाऊण तास घोकणारी मुले पंधरा मिनिटे घोकणाऱ्यांपेक्षा फारशी पुढे नसतात. १९२३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील विल्यम मॅकॉल यांनी शिक्षणातील प्रयोगांवर एक संपूर्ण पुस्तकच लिहिले आणि मुलांचे समतुल्य गट दैवावर सोपवून पाडावेत असे सुचविले. म्हणजे १९३७ साली ही कल्पना जगाला अपरिचित नव्हती.

वर्ध्याचा अर्थ निराळा होता. तेथे ‘प्रयोग’ म्हणजे श्रद्धेने, सातत्याने आणि स्वतःला झोकून देऊन केलेले आचरण. झाकीर हुसेन समितीने आखलेल्या साडेपाच तासांच्या दिवसात तीन तास वीस मिनिटे हस्तोद्योगाला होती. मातृभाषेला चाळीस मिनिटे. शेगावला (पुढचे सेवाग्राम) हिंदुस्थानी तालीमी संघाचे काम ई. डब्ल्यू. आर्यनायकम् आणि आशादेवी यांनी उभे केले. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न मोजमापाचा आहे. टकळीवर किती सूत निघाले आणि त्याची किंमत किती झाली, हे मोजता येत होते व मोजले गेले. मात्र तेच मूल साध्या शाळेत गेले असते तर किती वाचू शकले असते, या प्रश्नाला सुताच्या लडीतून उत्तर मिळत नाही.

नागपूर त्या वेळी मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी. डॉ. ना. भा. खरे यांच्या मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री असलेल्या रविशंकर शुक्ल यांनी ‘विद्यामंदिर’ योजना आणली : गावाने जमीन दान करावी आणि तिच्या उत्पन्नावर शाळा व शिक्षक चालावेत. ‘मंदिर’ या शब्दावरून मुस्लिम समाजात मोठा क्षोभ झाला आणि इतिहासात योजना त्या वादासाठीच लक्षात राहिली. परंतु मूल्यमापनाच्या दृष्टीने तिचा गाभा दुसरीकडे आहे. जेथे कोणी जमीन देतो तेथे शाळा निघते. ज्या गावात जमीन देणारा दाता आहे, ते गाव शेजारच्या गावासारखे नसतेच. तेथे पैसा अधिक असेल, शिक्षणाची ओढ अधिक असेल, किंवा एखाद्या मालगुजाराचा वचक अधिक असेल. अशा शाळेतली मुले पुढे गेली तरी श्रेय शाळेचे की गावाचे, हे कधीच वेगळे काढता येणार नाही. कसदार तुकड्याला खत घालून खताची वाहवा करण्याचा हा प्रकार.

यावर ठरलेला आक्षेप असा की मुले म्हणजे कपाशीची रोपे नव्हेत. चिठ्ठी टाकून काही मुलांना चांगल्या शिक्षणापासून वंचित ठेवणे अन्यायाचे आहे. आक्षेप गंभीर आहे, पण तो एक गोष्ट गृहीत धरतो : नवे शिक्षण चांगलेच आहे हे आधीच ठाऊक आहे. तसे ते ठाऊक असते तर प्रयोग कशाला हवा होता? शिवाय पैसा व शिक्षक सर्व गावांना एकदम पुरणारे नव्हतेच. कोणीतरी आधी, कोणीतरी नंतर, हे अटळ होते. दात्याच्या मर्जीपेक्षा चिठ्ठीचा क्रम अधिक न्याय्य ठरला असता. टप्प्याटप्प्याने जाण्याची वाट आपल्याकडे पूर्वी मळलेलीही होती. सयाजीराव गायकवाडांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू केले आणि अनुभव घेऊन १९०६ मध्ये ते सर्व संस्थानभर नेले.

त्याच बडोद्यात आणि मुंबईत, २००१ ते २००३ या काळात, चिठ्ठी अखेर शाळेत शिरली. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘बालसखी’ कार्यक्रमात वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून मुळाक्षरे आणि आकडेमोड शिकवीत असे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचे मूल्यमापन केले. बडोद्यात एका गटातील शाळांना तिसरीसाठी बालसखी मिळाली, दुसऱ्या गटाला चौथीसाठी आणि पुढच्या वर्षी अदलाबदल झाली. कोणतीही शाळा रिकाम्या हाताने राहिली नाही, तरीही प्रत्येक इयत्तेला तुलनेचा गट मिळाला. वंचिततेच्या आक्षेपाला इतके नेटके उत्तर क्वचितच दिले गेले असेल.

निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षी गुणांत ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाइतकी वाढ दिसली आणि ती मुख्यतः तळाच्या मुलांची होती. त्याहून बोलका निष्कर्ष फारसा कोणी सांगत नाही. मागे पडलेली मुले दोन तास बाहेर गेल्यावर मूळ वर्ग लहान होत असे. त्या लहान वर्गात मागे राहिलेल्या मुलांना मात्र त्याचा जवळजवळ काहीच लाभ झाला नाही. वर्ग लहान केला की शिक्षण सुधारते, ही सर्वांच्या तोंडी असलेली समजूत त्या शाळांत टिकली नाही. कितीही तळमळीने केलेल्या निरीक्षणातून हे हाती लागले नसते.

याचा अर्थ चिठ्ठी सर्वज्ञ आहे असा नव्हे. कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभरात त्या वाढीचा मोठा भाग ओसरला. चाचणीत वाचन आणि गणित होते; मुलाचा आत्मविश्वास नव्हता. २०१९ च्या नोबेल पुरस्कारानंतर या पद्धतीभोवती जे भक्तिमंडळ जमले आहे, त्याने हे विसरू नये. आणि नयी तालीमचे अभिमानी ‘तिचे सार गुणांत मोजता येत नाही’ असे म्हणतात, तेव्हा त्यांचे म्हणणे अर्धे खरे असते. गुणांत येत नाही, पण मोजताच येत नाही असे नाही.

डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅनली यांनी १९६३ मध्ये अध्यापनावरील संशोधनाच्या प्रायोगिक रचनांची चिकित्सा केली, तेव्हा त्यांनी शिक्षणक्षेत्रातील एका जुन्या निराशेची नोंद घेतली : प्रयोगांकडून अवाजवी अपेक्षा ठेवल्या गेल्या आणि निकाल मनासारखे येईनात तेव्हा प्रयोगच सोडून देण्यात आले. आपल्याकडे क्रम वेगळा होता. १९३९ मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे पायउतार झाली, योजना मागे पडली. स्वातंत्र्यानंतर ती सरकारी धोरण म्हणून परतली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानंतर ‘मूलोद्योग शिक्षण’ हा वेगळा टप्पा विरून गेला. योजना आली ती राजकीय निर्णयाने आणि गेलीही तशाच निर्णयाने. म्हणून आजही तिच्यावर प्रेम करणारे आणि तिची थट्टा करणारे सारख्याच ठामपणे बोलू शकतात.

नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर १९३८ साली काय करता आले असते, याची कल्पना अवघड नाही. वर्धा तालुक्यातील गावांची यादी, एका टोपलीत चिठ्ठ्या, निम्म्या गावांत टकळी यंदा आणि निम्म्या गावांत दोन वर्षांनी. मोजायचे ते सूत, वाचन, गणित. आणि त्याबरोबर हेही, की स्पृश्य-अस्पृश्य मुले एकाच रांगेत सूत कातायला बसली का आणि कापूस वेचणीच्या दिवसांत कोणत्या घरांतील मुलींची नावे हजेरीपटावरून गळाली.