सही कुणाची, हित कुणाचे?

आमच्या ओळखीच्या एक वहिनी मध्यंतरी आपल्या नऊ वर्षांच्या मुलाचा पासपोर्ट काढावयास गेल्या होत्या. सुटीत लंडनला बहिणीकडे महिनाभर जावयाचे, एवढाच बेत. जन्माचा दाखला, आधारकार्ड, शाळेचा कागद, सारे त्यांनी फाइलीत नीट लावून नेले होते. खिडकीवरच्या कारकुनाने फाइल चाळली आणि विचारले, "वडिलांची सही कुठे आहे?" वडील चार वर्षांपूर्वी घर सोडून गेलेले. घटस्फोट नाही, खटला नाही, पत्ताही ठाऊक नाही. "मग सही घेऊन या," असे सांगून कारकुनाने पुढच्या माणसास हाक मारली. वहिनी घरी परतल्या, तेव्हा ओसरीवर बसलेले एक वृद्ध काका म्हणाले, "बरोबरच आहे. मुलगा शेवटी बापाचाच की!"

कारकुनाशी आमचे फारसे भांडण नाही. भांडण आहे ते काकांच्या या वाक्याशी. बडोद्यातील आपल्या जुन्या घरांतून ते अजूनही सहज ऐकू येते.

आधी हे मान्य केले पाहिजे की, अठरा वर्षांखालील मुलाच्या पासपोर्टास आई व वडील दोघांचीही संमती मागणे, हा नियम मुळात शहाणपणाचा आहे. नवराबायकोचे बिनसले म्हणजे दोघांपैकी एकाने मूल उचलून परदेशी निघून जावे, असे प्रसंग घडतात. पळवून नेलेल्या मुलांस परत पाठविण्याबाबत १९८० साली हेग येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. पण आपला देश त्यात सामील झालेला नाही. त्यामुळे एकदा मूल समुद्रापार गेले की, मागे राहिलेल्या आईच्या किंवा बापाच्या हाती वर्षानुवर्षांच्या कोर्टकचेऱ्या येतात. दोन सह्यांची कडी दाराला हवीच.

परंतु कडी निराळी आणि कुलूप निराळे. पासपोर्टाच्या नियमांतच ही सोय आहे. दोघे राजी असतील, तर परिशिष्ट 'डी' भरून द्यावयाचे. एकाची संमती मिळत नसेल, मग तो बेपत्ता असो, विभक्त असो वा हटून बसलेला असो, तर दुसऱ्याने परिशिष्ट 'सी' भरावयाचे. त्यात संमती का मिळाली नाही याचे कारण लिहून, सारी जबाबदारी आपल्या शिरावर घ्यावयाची. २०१६ च्या डिसेंबरात सरकारने ही प्रतिज्ञापने साध्या कागदावर चालतील, नोटरीचा शिक्का नको, असे जाहीर केले. अर्जावर आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव दिले तरी पुरे, असेही सांगितले. वहिनींना यांतील अक्षरही कुणी सांगितले नाही. नियम उदार असून काय उपयोग, तो खिडकीपर्यंत पोचला नाही तर?

आता काकांच्या वाक्याकडे वळू. एके काळी कायदाही जवळजवळ त्यांच्याच बाजूने बोलत असे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि 'त्याच्यानंतर' आई, अशी शब्दयोजना आहे. 'नंतर' म्हणजे बाप वारल्यावर, असाच अर्थ लोक करीत. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला, तेव्हा त्यांनाही याच अर्थाचा अडथळा आला. त्या खटल्यात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, 'नंतर' याचा अर्थ बापाच्या 'गैरहजेरीत' असा घ्यावा. बाप हयात असूनही मुलाची विचारपूस करीत नसेल, तर पालक आईच. तेव्हा काकांचे कायदेज्ञान पाव शतकाहून अधिक शिळे आहे.

बडोदेकरांस तर हे नव्याने शिकावे लागू नये. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ मध्ये ती सक्ती सर्व संस्थानास लागू केली. मुलास शाळेत न धाडणाऱ्या बापास दंड होई. 'मूल माझे, मी त्याला शेतावर नेईन नाहीतर घरी ठेवीन,' हे म्हणणे महाराजांनी चालू दिले नाही. मुलाच्या हितापुढे बापाची मर्जी दुय्यम, हा धडा आपल्या आजोबांनी याच शहरात दंड भरून गिरवला आहे.

२०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले. सतरा वर्षांच्या एका हुशार मुलीस अभ्यासदौऱ्यासाठी जपानला जावयाचे होते. आईबापांत वाद चाललेला, त्यामुळे बाप संमती देईना. न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील स्वातंत्र्याचाच भाग असल्याचे सांगून तिला पासपोर्ट देण्याचा हुकूम केला. तिला न्याय मिळाला खरा. पण बारावीच्या वयाच्या पोरीला त्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

म्हणून आमचे सांगणे घरच्या वडीलधाऱ्यांस अधिक आहे. रुसवेफुगवे झाले की 'सही रोखून धर, म्हणजे येईल ताळ्यावर,' असा सल्ला देणारे मामा-काका प्रत्येक गोतावळ्यात असतात. सासरचे देतात तसा माहेरचेही देतात. सही अडवून बसणाऱ्या आयाही आहेत. मूल पळविले जाईल ही भीती खरी असेल, तर न्यायालयात जाऊन तसे उघड सांगावे. नुसता सूड उगवावयाचा असेल, तर त्यासाठी मुलाचा पासपोर्ट हाती धरू नये. त्या चौकटीतली सही मुलासाठी बजावण्याचे कर्तव्य आहे, बायकोशी किंवा नवऱ्याशी हिशेब चुकता करण्याची हुंडी नव्हे.

वहिनी पुढल्या आठवड्यात परिशिष्ट 'सी' भरून पुन्हा कचेरीत जाणार आहेत. काकांना इंग्रजी चांगले येते. तो कागद भरावयास त्यांनी मदत करावी, अशी आमची त्यांना नम्र विनंती आहे.