शत्रूच्या दप्तरात

१६८३च्या नोव्हेंबरात संभाजीराजांचं सैन्य जुवे बेटावर उतरलं, तेव्हा जुन्या गोव्यात काय घबराट उडाली असेल, याची रसभरीत वर्णनं आपण व्याख्यानांतून ऐकतो. पण राजधानीच तिथून उचलून मुरगावला न्यावी, इथवर पोर्तुगीजांची मजल गेली होती, हे आपल्याला सांगितलं कुणी? कुठल्या बखरीनं नव्हे. त्यांच्याच राज्यमंडळाच्या इतिवृत्तांत हा खल नोंदलेला आहे. बैठकीत कोण काय म्हणाला, कुणी विरोध केला, सगळं नावानिशी. पराभवाची नोंद पराभूतानं इतक्या नेटकेपणानं ठेवावी, याला कारकुनी शिस्त म्हणतात. आपल्याकडे तिची चेष्टा होते.

१६१८ ते १७५० या काळातली ही इतिवृत्तं पाच खंडांत छापून काढणारे गृहस्थ सत्तरीतल्या पिसुर्ल्याचे. पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४-१९६९). प्रादेशिक इतिहासकारांवरच्या यंदाच्या विभागात त्यांच्यापासून सुरुवात करायची, यावर आमच्या संपादक मंडळात फारसा वाद झाला नाही. नाव ऐकलेले सगळे होते, वाचलेले मात्र फार थोडे.

गोव्याचा दप्तरखाना १५९५मध्ये सुरू झाला आणि दियोगु दु कौतु हा इतिहासकार त्याचा पहिला रखवालदार. तिथल्या एका मालिकेला ‘मान्सूनची पुस्तकं’ म्हणतात. लिस्बनचं गलबत वाऱ्याच्या हिशेबानं सप्टेंबरच्या सुमाराला गोव्याला लागायचं आणि पुढच्या डिसेंबर-जानेवारीत परत निघायचं. त्यातून गेलेला-आलेला पत्रव्यवहार या बाडांत बांधलेला. व्हाइसरॉयनं आज प्रश्न विचारला, तर राजाचं उत्तर यायला दीड-दोन वर्षं. तोवर मराठ्यांशी लढायचं की तह करायचा, हे इथल्या इथंच ठरवावं लागे. दुसरी मालिका ‘शेजारच्या राजांची’. त्या शेजाऱ्यांत आपण आलो.

हे सगळं दमट हवेतलं, जुनी शाई कागदाला खात चाललेली. पिसुर्लेकरांनी या दप्तरखान्याची सूत्रं सुमारे तीस वर्षं सांभाळली. बाडं लावली, कशात काय आहे याचा मार्गदर्शक ग्रंथ १९५५मध्ये काढला. त्यांच्या साऱ्या ग्रंथांत मला हा सगळ्यांत थोर वाटतो. सूची करणाऱ्याला ना टाळ्या मिळतात ना पुरस्कार, पण त्याच्याशिवाय पुढच्या अभ्यासकाला कपाटासमोर नुसतं उभं राहावं लागतं.

पोर्तुगीजांच्या बाजूनं मराठी दरबारात बोलणी करायला जाणारे वकील पुष्कळदा गोव्याचेच शेणवी असत. दोन्हीकडची भाषा, दोन्हीकडचे रागलोभ जाणणारे. पिसुर्लेकरांनी त्यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. शत्रू-मित्रांचं सरळसोट गणित ज्यांना आवडतं, त्यांनी ते मुद्दाम वाचावं. अडचण एवढीच की ते पोर्तुगीजमध्ये आहे. त्यांचं बहुतेक लेखन त्याच भाषेत झालं, आणि पुण्या-मुंबईला ते उशिराच उमगले. ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा मराठी ग्रंथ पुणे विद्यापीठानं काढला तो १९६७मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनाच्या दोनच वर्षं आधी. आजही महाराष्ट्रात मोडी वर्गांना बऱ्यापैकी गर्दी असते, फार्सी शिकणारे थोडेफार सापडतात. जुनं पोर्तुगीज हस्ताक्षर वाचणारा शोधायला मात्र दिवा घ्यावा लागेल. शिवरायांवर हिरीरीनं भांडणाऱ्यांपैकी दहा जणांनी ही भाषा शिकली, तरी भांडणाला निदान नवा मजकूर मिळेल.

आता थोडं घरचं. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली येते आणि मोडीतले कागद रद्दीत जातात, हे आम्हाला वाचकांच्या पत्रांतून दर वर्षी कळतं, तेही कागद गेल्यावर. यंदा आधी सांगतो. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, उन्हात वाळवू नका. धुतलेल्या कोऱ्या सुती कापडात सैल बांधा, कुठल्या घरातून आले ते शिसपेन्सिलीनं वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत ठेवा, आणि जवळच्या इतिहास संशोधन मंडळाला किंवा पुराभिलेख कार्यालयाला कळवा. तिथला माणूस येईपर्यंत ट्रंक परत माळ्यावर चढवू नका. तिथं उंदीर आहेत.