पट्टीचे आस्वादक

मार्क ट्वेन स्वस्त आणि जहाल चिरुटांबद्दल मित्रमंडळींत कुप्रसिद्ध होता. त्याच्या मृत्यूनंतर १९१७ साली पुस्तकात प्रसिद्ध झालेल्या ‘कन्सर्निंग टोबॅको’ या छोट्याशा निबंधात त्याने स्वतःच केलेल्या एका खोडीची हकीकत सांगितली आहे. घरी जेवायला बारा मित्र यायचे होते. त्यांपैकी एक जण उंची चिरुटांचा शौकीन. ट्वेनने त्याच्या घरून चाळीस-चाळीस सेंटांचे मूठभर चिरूट लांबवले, त्यांवरच्या लाल-सोनेरी पट्ट्या काढून टाकल्या आणि ते आपल्या बदनाम छापाच्या खोक्यात भरून ठेवले. जेवणानंतर खोके फिरले. पाहुण्यांनी एकेक चिरूट उचलला, शिलगावला, थोडा वेळ मुकाट्याने सोसला आणि काही ना काही सबब सांगून काढता पाय घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी घराचे दार ते फाटक एवढ्या वाटेवर ते चिरूट पडलेले आढळले. एकच काय तो वाटेवर नव्हता. तो, ज्याच्या घरून माल आला होता त्या शौकिनाच्याच ताटलीत पडलेला होता.

एखाद्या विद्येत निष्णात असलेल्या माणसाला आपण मराठीत ‘पट्टीचा’ म्हणतो. पट्टीचा गवई, पट्टीचा पोहणारा. ट्वेनची हकीकत वाचल्यावर चिरुटाच्या संदर्भात या शब्दाला निराळाच अर्थ येतो. ज्याची सारी जाण त्या कागदी पट्टीवर विसंबून असते, तो पट्टीचा आस्वादक!

ट्वेनने यावरून काढलेला निष्कर्ष असा, की तंबाखूच्या बाबतीत चांगल्या-वाईटाचे काही प्रमाण आहे ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. ज्याची त्याची आवड हेच ज्याचे त्याचे प्रमाण, आणि ती आवडदेखील चवीवरून ठरत नाही, छापावरून ठरते. हे विधान साहित्याच्या वर्गात केले तर विद्यार्थी खूश होतात, कारण त्यांना पुढचे वाक्य आधीच सुचलेले असते: कवितेचेही तसेच नाही काय? कवीचे नाव झाका, म्हणजे थोर आणि सामान्य यांतला फरक नाहीसा होईल. मला वाटते, ट्वेनची खोडी अचूक आहे, पण निष्कर्ष घाईचा आहे.

कवीचे नाव झाकण्याचा प्रयोग खरोखरच झालेला आहे. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमधल्या आपल्या विद्यार्थ्यांपुढे कवींची नावे काढून टाकलेल्या कविता ठेवल्या, त्यांवर लेखी अभिप्राय मागवले आणि १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात त्यांची चिकित्सा केली. डन आणि हॉपकिन्स यांच्या कवितांनाही तिथे बरीच फटकार बसली. म्हणजे चिरूट पुन्हा वाटेवरच पडले! परंतु रिचर्ड्स यांनी ‘सर्व कविता सारख्याच’ असे म्हटले नाही. वाचक कोठे अडखळतो, कोणत्या ठरावीक प्रतिक्रिया त्याच्या आड येतात, याचा त्यांनी शोध घेतला आणि वाचन ही शिकण्याची गोष्ट आहे असे ठरवले. पट्टी काढल्यावर फरक ओळखता आला नाही, यावरून फरकच नव्हता असे सिद्ध होत नाही. ओळखणाऱ्याला ओळखणे शिकलेच पाहिजे, एवढेच सिद्ध होते.

चिरुटाच्या बाबतीत हे शिक्षण फारसे गूढ नाही. त्याचे तीन भाग असतात: आतले सारण, ते बांधून धरणारे पान आणि वरचे आवरणपान. क्यूबाच्या पद्धतीत सारणासाठी तंबाखूच्या रोपाच्या खालची, मधली आणि वरची पाने निरनिराळ्या कामांना येतात. खालची जळण्यास मदत करतात, मधली सुगंध देतात, वरची जोर. चांगल्या चिरुटाच्या सारणात लांब, सलग पाने असतात. हलक्या प्रतीच्या चिरुटात पुष्कळदा कातरण भरलेले असते, आणि ते भराभर व गरम जळते. बोटांनी हलके दाबत गेले असता कोठे पोकळ तर कोठे दगडासारखे घट्ट लागत असेल, तर तो नीट ओढला जाणार नाही. आवरणपान चिरलेले नसावे आणि त्यावर किंचित तेलकट तुकतुकी असावी. पेटल्यावर तो एका अंगाने न जळता सारखा जळावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सत्तर टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेत तो जपलेला असावा. कोरड्या हवेच्या काचकपाटात महिनोन्‌महिने पडून राहिलेला अत्यंत महागडा चिरूट हा त्याच पट्टीचे वाळलेले प्रेत होय. यांतली एकही गोष्ट किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेली नसते, आणि एकही कळायला श्रीमंती लागत नाही.

मग महाग चिरुटाची किंमत कशाची? जाहिराती सांगतात, हाताच्या कारागिरीची. हे अर्धेच खरे आहे. विडीदेखील हातानेच वळली जाते. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांना हजार विड्यांमागे मिळणारी मजुरी पाहिली, म्हणजे ‘हाताने वळलेले’ या शब्दांतून आपोआप मोल निर्माण होत नाही हे कळते. कोणाचा हात आणि कोणाचे गिऱ्हाईक, यावर ते ठरते. किमतीचा दुसरा वाटा काळाचा आहे. पाने वाळवणे, आंबवणे, मुरवणे यांत महिने आणि कधी वर्षे जातात. तेवढा काळ भांडवल अडकून पडते. हा वाटा मला न्याय्य वाटतो, कारण तो चवीत उतरतो. तिसरा वाटा डोळ्यांसाठी असतो. एका खोक्यातले सर्व चिरूट एकाच छटेचे दिसावेत म्हणून ते रंगावरून निवडून लावले जातात. चवीशी त्या निवडीचा संबंध नाही. (केवळ रंग जमला नाही म्हणून बाजूला काढलेला माल स्वस्तात मिळतो. जाणकार तो आवर्जून घेतात.)

उरलेला वाटा नावाचा आणि दुर्मीळतेचा. ‘कोहिबा’ हा छाप १९६६च्या सुमारास फिडेल कास्त्रो यांच्यासाठी आणि राजनैतिक भेटींसाठी तयार होऊ लागला, आणि १९८२पासून तो सर्वांना विकत मिळू लागला. पुढे २०२२ साली क्यूबाच्या हाबानोस कंपनीने ‘कोहिबा’ व ‘त्रिनिदाद’ या छापांच्या जगभरच्या किमती एकाच पातळीवर, म्हणजे हाँगकाँगच्या चढ्या बाजाराच्या जवळपास, आणण्याचे ठरवले. अनेक देशांत त्यांचे दर दुपटीवर आणि त्याहूनही वर गेले. दुकानात आदल्या दिवशी होता तोच चिरूट दुसऱ्या दिवशीही होता. पान बदलले नाही, वळणारा हात बदलला नाही. ज्याला तो दुसऱ्या दिवशी अधिक रुचकर लागला असेल, तो ट्वेनच्या पंगतीला बसायला पात्र आहे.

तेव्हा माझे मत असे. अगदी स्वस्त आणि मध्यम किमतीच्या चिरुटांत जो फरक असतो तो खरा असतो, आणि त्यासाठी पैसे मोजणे शहाणपणाचे आहे. मध्यम आणि अतिमहाग यांतला फरक बहुतांशी पट्टीवर असतो. शंका असेल त्याने तीन निरनिराळ्या किमतींचे चिरूट पट्ट्या काढून दुसऱ्याच्या हातून घ्यावेत आणि नाव कळण्यापूर्वी आपले मत कागदावर लिहून ठेवावे. यातही एक इशारा द्यायलाच हवा, की धूर गिळला नाही तरी तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही, आणि उंची छापाला रोग कोणतीही सवलत देत नाही. न ओढण्याइतका स्वस्त चिरूट अजून कोणी वळलेला नाही.

जाता जाता त्या पट्टीवरच्या नावांविषयी. हवानातल्या ‘एल फिगारो’ कारखान्यात १८६५ साली चिरूट वळणाऱ्या कामगारांनी काम चालू असताना मोठ्याने वाचून दाखवणारा वाचक नेमून घेतला. त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून देत आणि काय वाचायचे हेही तेच ठरवीत. पुढच्याच वर्षी स्पॅनिश सत्तेने या प्रथेवर बंदी घातली, कारण ऐकणारी माणसे विचार करू लागतात हे तिला नीट माहीत होते. तरीही प्रथा पुन्हा उभी राहिली, समुद्रापार फ्लोरिडात टँपापर्यंत गेली; तिथे १९३१ साली मालकांनी वाचकाचे व्यासपीठच काढून टाकले. क्यूबात मात्र ती टिकली. १९३५ साली निघालेल्या ‘माँटेक्रिस्टो’ या छापाचे नाव अलेक्झांडर द्युमाच्या कादंबरीवरून आले, आणि ती कादंबरी कामगारांच्या विशेष आवडीची होती म्हणून ते ठेवले गेले असे सांगतात.

आज ज्या नावासाठी गिऱ्हाईक जास्तीचे पैसे मोजते, ते नाव पट्टीवर चढण्यापूर्वी काही माणसांनी तंबाखूच्या धुळीत बसून, हात चालू ठेवून, शेवटच्या प्रकरणापर्यंत ऐकलेले होते. त्यांनीही पैसे मोजले होते, पण ते ऐकण्यासाठी. साहित्य शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या आपण सर्वांनी, पुस्तकाच्या पाठपृष्ठावरचे पुरस्कार वाचून मत बनवण्याआधी, त्या कारखान्यातल्या श्रोत्यांची आठवण ठेवावी असे मला वाटते. मराठी भाषेतल्या जुन्या अर्थाने, पट्टीचे आस्वादक ते होते.