कागदावरच्या म्हशी

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी मराठवाड्यात एका बँकेच्या ग्रामीण शाखेत अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. वर्षाला ६,४०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांना कर्ज आणि अनुदान देऊन दारिद्र्यरेषेच्या वर काढायचे, अशी ती योजना. आमच्या भागात हे वर काढण्याचे काम बहुतेक म्हशीवर सोपवलेले असे. मार्च उजाडला की उद्दिष्टाची विचारणा सुरू होई आणि शाखेत रात्री दहा-दहा वाजेपर्यंत कर्जप्रकरणे मंजूर होत.

एका एप्रिलमध्ये मी पाहणीसाठी एका गावी गेलो. आमच्या नोंदवहीप्रमाणे त्या गावात योजनेच्या एकोणीस म्हशी होत्या. दुपारभर हिंडून मला सात सापडल्या. विमा उतरवलेल्या म्हशीच्या कानात बिल्ला असतो. त्या सातांपैकी दोघींच्या कानात तोही नव्हता. बरोबर आलेले गावातले गृहस्थ म्हणाले, "साहेब, तुमचा आकडा भरला, वरच्या साहेबांचा भरला. आता उन्हात म्हशी कशाला मोजता?" मी हसलो. शाखेत परत आलो आणि तक्त्यावर सही केली : उद्दिष्ट पूर्ण, लाभार्थी कुटुंबे एकोणीस.

पुढच्या वर्षी त्याच गावची एक विधवा बाई शेळ्यांसाठी कर्ज मागायला आली. नोंदवही काढली, तर तिचे नाव लाभार्थींच्या यादीत होते. नावापुढे अंगठाही होता. म्हैस तिच्या दारात कधी आलीच नव्हती. पण कागदावर ती थकबाकीदार होती आणि थकबाकीदाराला नवे कर्ज नाही, हा नियम होता. मी तिला तो नियम समजावून सांगितला आणि ती परत गेली.

सरकारी आकडेवारीच्या विश्वासार्हतेवर अलीकडे जे वाद झडतात ते वाचताना मला त्या तक्त्याखालची माझी सही आठवते. हा विषय अर्थशास्त्रज्ञांचा आहे, आपल्याला त्याच्याशी काय करायचे, असे पुष्कळांना वाटते. पण आकडा खोटा असला तरी त्याचा परिणाम खरा असतो, आणि तो बहुधा अशा माणसाच्या वाट्याला येतो की ज्याने तो आकडा कधी पाहिलेलाही नसतो.

आपल्याकडे आकड्यांची परंपरा मोठी आहे. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ च्या सुमारास हिंदुस्थानचे दरडोई उत्पन्न वर्षाला जेमतेम वीस रुपये असल्याचे मांडले. त्यासाठी त्यांनी ब्रिटिश सरकारच्याच अहवालांतले आकडे वापरले. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकारला जो खर्च येतो, तेवढेही सामान्य माणसाचे उत्पन्न नाही, हे त्यांनी सरकारच्याच कागदांवरून दाखवले. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत प्रा. महालनोबिस यांच्यासोबत आपले धनंजयराव गाडगीळ होते. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पुढे याच पाहणीच्या आकड्यांवरून वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेत बसून १९७१ साली सांगितले, की १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातली सुमारे चाळीस टक्के आणि शहरांतली सुमारे पन्नास टक्के जनता पुरेसे अन्नही मिळवू शकत नव्हती. निष्कर्ष सरकारला अडचणीचा होता, पण त्याचा आधार सरकारी होता. सरकारी आकड्याची खरी प्रतिष्ठा ही, की तो सरकारच्या विरुद्धही वापरता येतो.

या प्रतिष्ठेला धक्का कसा लागतो हे पाहण्यासाठी दोन प्रसंग शेजारी ठेवावेत. २००९-१० च्या नमुना पाहणीत असे दिसले, की आधीच्या पाच वर्षांत अर्थव्यवस्था वाढली, पण रोजगार जवळजवळ वाढलाच नाही. तेव्हाच्या संयुक्त पुरोगामी आघाडी सरकारला ते पचणारे नव्हते. ते वर्ष दुष्काळाचे होते, असे कारण पुढे आले आणि २०११-१२ मध्ये पुन्हा पाहणी झाली. पण पहिला अहवालही प्रसिद्ध झाला. ज्याला जे म्हणायचे होते ते त्याने उघडपणे म्हटले.

दुसरा प्रसंग २०१७-१८ च्या रोजगार पाहणीचा. राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाने अहवाल मान्य केल्यानंतरही तो बाहेर येईना. जानेवारी २०१९ मध्ये आयोगाचे प्रभारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. लगोलग अहवालातला आकडा वर्तमानपत्रात फुटला : बेरोजगारीचे प्रमाण ६.१ टक्के. अहवाल अंतिम नाही, असे सांगण्यात आले. लोकसभेची निवडणूक झाली, ३० मे रोजी नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला आणि ३१ मे रोजी अहवाल प्रसिद्ध झाला. आकडा तोच होता, ६.१ टक्के. पाहणीची पद्धत बदलल्याने जुन्या आकड्यांशी तुलना करू नये, असे सरकारचे म्हणणे होते. त्यात तथ्य असू शकेल. पण मग तेच फेब्रुवारीत, अहवाल हातात देऊन सांगायला काय हरकत होती?

त्याच वर्षी नोव्हेंबरात २०१७-१८ ची कुटुंबखर्चाची पाहणी गुणवत्तेच्या कारणावरून रद्दच झाली. फुटलेल्या अहवालानुसार माणशी मासिक खर्च, महागाई वजा जाता, सहा वर्षांत १,५०१ रुपयांवरून १,४४६ रुपयांवर उतरला होता. पाहणी सदोष असेलही, पण सदोष कशी, हे तपासायला तपशील अभ्यासकांपुढे ठेवावा लागतो. तो ठेवला गेला नाही. पुढची पाहणी झाली २०२२-२३ मध्ये. म्हणजे देशातली कुटुंबे काय खातात, कशावर खर्च करतात, याचे अधिकृत चित्र अकरा वर्षे नव्हते. या नव्या पाहण्यांचे आकडे मात्र सविस्तर प्रसिद्ध झाले आणि २०२५ पासून रोजगाराचे आकडेही महिन्याच्या महिन्याला येऊ लागले, हे नमूद केले पाहिजे.

या सगळ्यात कोणी आकडा खोडून दुसरा लिहिला, असा आरोप मी करत नाही. तशी गरजही क्वचितच पडते. आकडा उशिरा सोडायचा, सोडायचाच नाही किंवा मोजायचेच लांबवायचे, एवढे पुरते. करोनाच्या काळात आपल्यापैकी कितीतरी घरांनी माणसे गमावली. २०२१ साली देशात एक कोटी दोन लाखांवर मृत्यूंची नोंद झाली, आदल्या वर्षापेक्षा सुमारे एकवीस लाखांनी जास्त. हा आकडा जाहीर झाला मे २०२५ मध्ये. नोंदी गावोगावच्या कार्यालयांत पडून होत्या; त्यांची बेरीज लोकांपुढे यायला चार वर्षे लागली.

जनगणनेचे तसेच. १८८१ पासून दर दहा वर्षांनी होणारी जनगणना २०२१ मध्ये झाली नाही. करोनाचे कारण सुरुवातीला खरे होते. पुढे ते पुरेना. अन्न सुरक्षा कायद्याखालच्या लाभार्थींची संख्या २०११ च्या लोकसंख्येवर ठरलेली असल्याने दहा कोटींहून अधिक माणसे स्वस्त धान्यापासून वंचित असावीत, असा अंदाज ज्याँ ड्रेझ आणि रीतिका खेरा यांनी २०२० मध्येच मांडला होता. महाराष्ट्राला तर आकडा नसण्याची किंमत चांगलीच ठाऊक आहे. २०२१ मध्ये 'इंपिरिकल डेटा' हा शब्द चावडीपर्यंत पोचला. ओबीसींच्या राजकीय आरक्षणासाठी २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतली जातवार माहिती राज्याने मागितली. ती सदोष आहे, असे केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितले : अधिकृत ४९४ जाती असलेल्या महाराष्ट्रात त्या पाहणीत चार लाखांवर 'जाती' नोंदल्या गेल्या होत्या. स्थानिक संस्थांच्या निवडणुका रखडण्याचे हेही एक कारण ठरले.

आकडा दडवल्याने वस्तुस्थिती सुधारत नाही, हे आम्हा बँकवाल्यांइतके कोणाला ठाऊक असेल? १९९२ पूर्वी कर्जाचे व्याज वसूल झाले नाही तरी ते उत्पन्नात धरले जाई. नफा दिसे, सगळे खूश असत. नरसिंहम समितीनंतर नियम कडक झाले. तरी पळवाटा उरल्या : जुने कर्ज फेडायला नवे कर्ज द्यायचे आणि खाते नियमित दाखवायचे. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने खाती उघडून तपासायला लावली. मार्च २०१८ पर्यंत बुडीत कर्जांचे प्रमाण अकरा टक्क्यांवर गेले. कर्जे त्या तीन वर्षांत बुडाली नव्हती. बरीचशी आधीच बुडालेली होती. सरकारी बँकांना सावरण्यासाठी २०१७ मध्ये २ लाख ११ हजार कोटींची योजना जाहीर करावी लागली. तो पैसा तुमचा-आमचा होता.

हा रोग एका देशाचा वा एका पक्षाचा नाही. रशियात १९३७ च्या जनगणनेत लोकसंख्या १६ कोटी २० लाख निघाली, स्टालिनच्या अपेक्षेपेक्षा बरीच कमी. जनगणना रद्द झाली, अधिकारी तुरुंगात गेले, काहींना गोळ्या घातल्या गेल्या. दुष्काळात मेलेली माणसे मात्र त्यामुळे परत आली नाहीत. अमेरिकेसारख्या जुन्या लोकशाहीतही १ ऑगस्ट २०२५ रोजी रोजगाराचे आकडे निराशाजनक आले आणि त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्या विभागाच्या आयुक्तांना काढून टाकले.

उपाय नवे नाहीत. रंगराजन आयोगाने २००१ मध्येच कायद्याने स्थापन झालेला सांख्यिकी आयोग सुचवला होता. आयोग आला, पण सरकारी ठरावाने. संसदेच्या कायद्याचे पाठबळ त्याला मिळाले नाही. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१७ पासून आपले आकडे मंत्र्यांना आगाऊ दाखवणे बंद केले. अहवाल ठरल्या तारखेला, निवडणूक असो वा नसो, सर्वांच्या हाती एकाच वेळी पडावा, एवढी साधी शिस्त आपल्याला जमायला हवी.

याची निकड आता जास्त आहे. नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. तिच्यात जातींचीही मोजणी व्हायची आहे, आणि लोकसभेच्या मतदारसंघांची पुनर्रचना, महिलांचे आरक्षण, धान्याचे कोटे हे सारे तिच्या आकड्यांशी बांधलेले आहे. ज्या राज्याच्या जागा घटतील, ज्या समाजाची संख्या अपेक्षेपेक्षा कमी निघेल, त्यांनीही तो आकडा मान्य केला पाहिजे. मोजणाऱ्यावर विश्वास नसेल तर ते कसे मान्य करतील?

प्रगणक दाराशी आला तर त्याला खरे सांगावे, हे आपले काम. त्याने लिहिलेले जसेच्या तसे वर पोचावे, हे सरकारचे. मोजायला गेलेल्या माणसाला दिसलेल्या सात म्हशी सात अशाच लिहिता आल्या पाहिजेत. मला त्या एप्रिलमध्ये कोणी धमकावले नव्हते, कोणाचा फोनही आला नव्हता. वरच्यांना कोणता आकडा हवा आहे, हे मला न सांगताच माहीत होते.