दगडाची रांग आणि मातीच्या कुटी

इंग्लंडातील ग्लॉस्टरशायर परगण्यात बायबरी नावाचे एक खेडे आहे. तेथील आर्लिंग्टन रो ही दगडी घरांची रांग जगप्रसिद्ध आहे. सुमारे १३८० साली लोकरीचे कोठार म्हणून ती बांधली गेली आणि सतराव्या शतकात तेथे विणकरांची बिऱ्हाडे झाली. भिंती दगडाच्या, छपरावरील फरशाही दगडाच्याच, आणि प्रत्येक घर शेजारच्या घरास टेकलेले. आज ती नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन असून प्रवासी ती मुद्दाम पाहावयास जातात.

वर्ध्यापासून अवघ्या पाच मैलांवर आपल्याही येथे अशीच थोर घरे आहेत; मात्र ती मातीची आहेत. ३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी सेगावी राहावयास आले. याच गावास पुढे १९४० साली सेवाग्राम हे नाव मिळाले. घरासाठी सामान व मजूर गावचेच असावेत आणि खर्च शंभर रुपयांहून अधिक होऊ नये, अशी त्यांची अट होती. आधी आदी निवास झाला, मागाहून इतर कुटी झाल्या. बापू कुटी मूळची मीराबेन यांची. बांबूचा कूड, त्यावर मातीचा गिलावा, वर कवेलू आणि बाजूस पडवी, एवढीच तिची रचना. मीराबेन यांनी भिंतीवर मातीनेच उठावदार काढलेली ताडाची झाडे आजही दिसतात. वैशाखात वर्ध्याचा पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, तेव्हा मातीची भिंत ऊन सावकाश आत घेते व पडवी ते भिंतीपर्यंत पोहोचूच देत नाही.

दगडाचे घर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. मग मातीचे घर काय कामाचे, असे पुष्कळ पालक विचारतात. डोंगरावरील प्रवचनाच्या शेवटी आपल्या प्रभूने खडकावरील व वाळूवरील घराचा दाखला दिला आहे. परंतु त्या दाखल्यातील खडक म्हणजे काळा पाषाण नव्हे. वचन ऐकणे आणि त्याप्रमाणे आचरण करणे, हाच तो खडक होय. मातीच्या घराचेही तसेच आहे. मृगाचा पाऊस येण्यापूर्वी कवेलू फेरावे, भेगा लिंपाव्या, शेणाने सारवावे. इतके नेमाने केले तर ते घर उभे राहते. १९३६ पासून आदी निवास उभा आहे, तो दरसाल राबणाऱ्या हातांच्या बळावर.

आमची चिंता हीच आहे. भोवतालच्या गावांत मातीची घरे पडून सिमेंटची होत आहेत. ज्या माउलीस दरवर्षी गळक्या छपराखाली रात्र काढावी लागली, तिने पक्के घर मागितले तर तिला दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु माती म्हणजे दारिद्र्य, ही समजूत मात्र चुकीची आहे. कुष्ठसेवेसाठी १९४५ साली भारतात आलेले क्वेकर पंथाचे वास्तुशास्त्रज्ञ लॉरी बेकर यांस गांधीजींनी सांगितले होते की, घराचे सामान पाच मैलांच्या आत मिळणारे असावे. त्यांनी पुढे केरळात तोच धडा गिरविला. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानेही शंकूच्या आकाराची कवेलू जोडून कमानदार छते करून दाखविली आहेत. तेव्हा जुन्या घराचे दोष सुधारता येतात. त्यासाठी ते टाकूनच द्यावे असे नाही.

गिलावा करणारे हातच उरले नाहीत, तर बापू कुटी तरी कोण राखणार? शेकडो वर्षे उभ्या असलेल्या दगडास एखादे वर्ष दुर्लक्ष सोसवते; मातीस एक पावसाळाही सोसवत नाही. म्हणून विद्यार्थ्यांस आमचे सांगणे आहे की, उन्हाळ्याच्या सुटीत घरच्या आजीपाशी बसून माती कशी मळावी, भिंत कशी लिंपावी, हे शिकून घ्यावे. पालकांनीही मुलांचे हात मळले म्हणून लाजू नये. ही विद्या पाटीवर लिहून येत नाही. ती हातांनीच हातांस द्यावी लागते.