वर्गणी घेता, मग नियम दाखवा

मराठवाड्यातील जुन्या पिढीला 'गश्ती निशाण ५३' म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नसे. सार्वजनिक सभा घ्यावयाची तर आधी सरकारची परवानगी हवी, असा निझामाचा तो हुकूम. नांदेड-लातूरसह साऱ्या मुलखाचे सार्वजनिक जीवन त्याने जखडून टाकले. तथापि त्या जुलमी हुकमाला क्रमांक होता. तो कोणी काढला हे ठाऊक होते, त्यात काय लिहिले आहे हे वाचता येत होते, आणि म्हणूनच तो जाणीवपूर्वक मोडताही येत होता. आज लातूरचा एखादा शिक्षक किंवा नांदेडचा एखादा कवी ज्या ऑनलाइन मंचावर पैसे भरून लिहितो, तेथील त्याचे खाते एका रात्रीत बंद झाले, तर पुष्कळदा त्याच्या हाती पडतो तो एका ओळीचा निरोप: आपण आमच्या निकषांचा भंग केला आहे. कोणते वाक्य, कोणता निकष, निर्णय माणसाने घेतला की यंत्राने, याचा त्यात पत्ता नसतो.

सोयाबीनला भाव नाही, पीकविम्याचे पैसे नाहीत, अशा वेळी ब्लॉग लिहिणाऱ्यांची ही तक्रार घेऊन काय बसलात, असे आपलेच काही साथी म्हणतील. त्यांनी २० डिसेंबर २०२० हा दिवस आठवावा. दिल्लीच्या सीमेवर शेतकरी थंडीत बसले होते आणि त्यांच्या 'किसान एकता मोर्चा'चे फेसबुकवरील पान अचानक नाहीसे झाले. गवगवा झाल्यावर काही तासांनी ते परत आले. पानावरील वर्दळ एकाएकी वाढली, म्हणून स्वयंचलित यंत्रणेने ते कचरा समजून हटवले, हा कंपनीचा खुलासा. देशभर गाजलेल्या आंदोलनाला काही तासांत न्याय मिळाला. औसा किंवा किनवटच्या कार्यकर्त्यासाठी कोण गवगवा करणार?

नांदेडकरांना याहून जवळचे उदाहरण आहे. सचखंड हुजूर साहिबमुळे हे शहर जगभरच्या शीख समाजाशी जोडलेले आहे. २०२० साली ७ मार्चपासून जवळजवळ तीन महिने 'शीख' या नुसत्या शब्दाचा हॅशटॅग इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर अडवलेला होता. जून १९८४ च्या घटनांचे स्मरण करावयाच्या आठवड्यात ते लोकांच्या लक्षात आले. एका तक्रारीची तपासणी चुकीची झाली, असे कंपनीने सांगितले. एका समाजाचे नावच तीन महिने अडले आणि ते अडले आहे, हेही कोणाला कळवले गेले नव्हते!

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'ग्लोबल पंजाब टीव्ही'ची राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर टीका करणारी चित्रफीत एका वापरकर्त्याने फेसबुकवर दिली. एका तक्रारीवरून ती हटली आणि त्याच्या खात्यावरही निर्बंध आले. त्याने अपील केले, तर कोविडमुळे मनुष्यबळ अपुरे असल्याने फेरतपासणी शक्य नाही, असे उत्तर मिळाले. पुढे कंपनीच्याच देखरेख मंडळाने एप्रिल २०२१ मध्ये हा निर्णय चूक ठरवला. त्यातून उघड झालेली गोष्ट अशी की, कंपनीचे नियम तोवर पंजाबीत उपलब्धच नव्हते. ज्या भाषेतील लेखनाबद्दल शिक्षा करावयाची, त्या भाषेत नियम नाहीत!

यावर पैसे भरणे हा उपाय आहे, असे सुचवले जाते. जून २०२३ मध्ये मेटा कंपनीने भारतात मोबाइलवर दरमहा ६९९ रुपयांची वर्गणी सुरू केली. त्या वर्गणीत निळी खूण, खात्याचे संरक्षण आणि अडचणीत मदत मिळण्याची सोय देऊ केली होती. म्हणजे आपले गाऱ्हाणे एखाद्या माणसाच्या कानावर जावे, याचीही किंमत ठरली. वर्गणी भरली तरी नियम स्पष्ट होतात असे नव्हे. अमेरिकेतील लाइव्हजर्नल या ब्लॉग-मंचाने २००७ साली सुमारे ५०० रोजनिशा आणि गट एकाएकी बंद केले. बालकांचे लैंगिक शोषण रोखण्याचा हेतू सांगितला गेला. पण त्या जाळ्यात अत्याचारातून बचावलेल्यांचा आधारगट सापडला, 'लोलिता' या कादंबरीची चर्चा करणारा गटही सापडला. पैसे भरणारे सभासद खवळले, तेव्हा कंपनीने माफी मागितली आणि बहुतेक लेखन परत आणले.

मजकूर कधी काढूच नये, असे आम्ही म्हणत नाही. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच निरपराध भटक्या माणसांना जमावाने ठेचून मारले. मोबाइलवरून पसरलेल्या अफवांचे ते बळी होते. अशा अफवा तातडीने थांबवल्याच पाहिजेत. पण नियम जितका स्पष्ट, तितके हे काम सोपे. संदिग्ध नियमाखाली अफवा आणि टीका दोन्ही एकाच टोपलीत जातात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले, त्यामागे त्यातील शब्दांची संदिग्धता हे मोठे कारण होते. जे सरकारला वर्ज्य, ते कंपनीला मोकळे का असावे?

आणीबाणीतील एक निकाल या संदर्भात ध्यानात घेण्याजोगा आहे. मिनू मसानी हे काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी, नंतर आमचे कडवे विरोधक. त्यांच्या 'फ्रीडम फर्स्ट'मधील मजकूर सेन्सॉरने अडवला, तेव्हा ते न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने निर्वाळा दिला की सेन्सॉरनेही आपल्या हुकमाच्या चौकटीतच वागले पाहिजे; लेखन नावडते म्हणून त्याला अडवता येणार नाही. ऐन आणीबाणीत सेन्सॉरला जे बंधन होते, ते आज वर्गणी घेणाऱ्या व्यापाऱ्याला नको काय?

कायद्यात आधार अगदीच नाही असे नव्हे. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीनुसार कंपन्यांनी आपले नियम इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील ग्राहकाच्या पसंतीच्या भाषेत कळवावयाचे आहेत. अनुसूचीत मराठी आहे. स्वतःहून मजकूर काढताना मोठ्या मंचांनी कारण कळवून बाजू मांडण्याची संधी द्यावी, असे २०२१ चे नियम सांगतात. मात्र अपिलासाठी केलेल्या समित्या केंद्र सरकारच नेमते; सरकारवर टीका करणाऱ्याने तेथे किती विश्वास ठेवावा, हे ज्याने त्याने ठरवावे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हे अधिक उपयोगी हत्यार आहे. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचे कलम या कायद्याने अन्याय्य कराराच्या व्याख्येत घातले आहे. अशा करारासाठी राज्य आयोगाकडे जावे लागते. पण सेवेतील त्रुटीची तक्रार ग्राहक जेथे राहतो तेथे, म्हणजे नांदेड किंवा लातूरच्या जिल्हा आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. अडचणी दोन आहेत. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा या कायद्याबाहेर आहे, म्हणून लातुरातील शिकवणीवाल्या शिक्षकावर हा आक्षेप येणारच. दुसरी अडचण आमच्या दृष्टीने मोठी. फुकट सेवेला हा कायदा लागू नाही. फुकट लिहिणारा आपली माहिती आणि जाहिरातीकडे जाणारे लक्ष देऊन किंमत मोजतो, हे कायदा अजून ओळखत नाही. ते ओळखले जावे, ही मागणी आपल्या पक्षाने लावून धरली पाहिजे. नाहीतर ६९९ रुपये देणारा तेवढा ग्राहक आणि बाकीचे आश्रित, अशी नवी वर्णव्यवस्था रुजेल.

तोवर वर्गणीदार असलेल्या साथींनी पैसे भरल्याच्या पावत्या, कंपनीचा निरोप आणि आपल्या प्रत्येक लेखाची प्रत स्वतःजवळ ठेवावी. खाते बंद झाल्यास भंग झालेला नियम मराठीत लेखी मागावा. उत्तर न आल्यास पक्षाच्या वकील साथींना गाठून जिल्हा आयोगात तक्रार नोंदवावी. दोन्ही जिल्ह्यांतून अशी एकेक तक्रार जरी नीट लढवली गेली, तरी कंपनीला वर्गणीदारासमोर उभे राहून आपला नियम वाचून दाखवावा लागेल.